यंत्राच्या पोटातले यंत्र

(शाळेच्या हीरकमहोत्सवी वर्षानिमित्त म्हैसूर व परिसरात स्थायिक झालेल्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा कुवेंपुनगर येथे भरला होता. त्या वेळी एका माजी विद्यार्थिनीने दिलेल्या व्याख्यानाचे हे लेखी रूप.)



स्मरणिकेच्या संपादक मंडळाने माझ्याकडे सोपवलेले काम सांगायला अगदी सोपे होते. साठ वर्षांतील वार्षिक अंकांमधून निवडक साहित्य पुन्हा छापायचे, त्यासाठी १९९८ ते २००५ या आठ वर्षांचे अंक मिळवून द्यायचे. त्याआधीचे अंक शाळेत आहेत. ते खिळ्यांवर जुळवलेले. कागद पिवळा पडला आहे, कोपरे तुटतात, पण वाचता येतात. नंतरचे अंकही आहेत. मधलेच नाहीत. त्यांच्या छापील प्रती कार्यालयातील कपाटाच्या सर्वांत खालच्या कप्प्यात होत्या आणि २०१९ च्या ऑगस्टमधील अतिवृष्टीत त्यांचा लगदा झाला. माजी विद्यार्थ्यांच्या घरांतून दोन अंक हाती आले. उरलेले सहा कोणाकडेच नव्हते. मात्र हे सगळे अंक शाळेतच, कार्यालयातील संगणकावर जुळवले गेले होते, आणि तो संगणक अडगळीच्या खोलीत मोडक्या बाकांखाली शिल्लक होता.

या सहांपैकी १९९९ च्या अंकात आपल्या पहिल्या मुख्याध्यापिकाबाईंचा लेख होता. शाळा कशी सुरू झाली, हे त्यांनी स्वतः लिहिलेले तेवढेच. आज बाई नाहीत. तो लेख वाचलेल्या पाच जणांना मी त्याबद्दल विचारले, तेव्हा मला तीन वेगवेगळ्या शाळा सापडल्या. एकाच्या मते पहिला वर्ग देवळाच्या सभामंडपात भरला, दुसऱ्याच्या मते कुणाच्या तरी वखारीत, आणि तिसऱ्याने तर पत्र्याच्या शेडमध्ये बसून आपण पाढे म्हटल्याचे शपथेवर सांगितले. पहिल्या तुकडीत ते गृहस्थ नव्हतेच, हा भाग वेगळा.

तेव्हा प्रश्न असा, की पंचवीस वर्षांपूर्वीच्या संगणकातला मराठी मजकूर आज कसा वाचायचा? ‘फाईल आहे ना, मग उघड की’ असे मला पुष्कळांनी सांगितले. ती उघडत का नाही, हे आधी सांगते. कारण खरी गोष्ट तिथेच आहे.

संगणक अक्षरे साठवत नाही, आकडे साठवतो. कोणता आकडा म्हणजे कोणते अक्षर, हे कोष्टकाने ठरते. त्या काळच्या फाँटमध्ये अशी २५६ घरे असत. ती इंग्रजीच्या हिशेबाने आखलेली. अर्धी इंग्रजी लिपीने आणि विरामचिन्हांनी भरलेली, उरलेल्या अर्ध्यांत युरोपीय भाषांची अक्षरे आणि चलनांची चिन्हे. मराठी फाँट तयार करणाऱ्यांनी युक्ती केली. त्यांनी त्या घरांतल्या आकृत्या पुसून तिथे आपल्या आकृत्या बसवल्या. एका घरात ‘क’, दुसऱ्यात अर्धा ‘क’, तिसऱ्यात काना, चौथ्यात रफार. संगणक समजे की आपण इंग्रजीच लिहीत आहोत. डोळ्यांना मात्र मराठी दिसे. वेशांतर केलेल्या माणसासारखे ते होते. फाँट सोबत आहे तोवर मराठी, फाँट काढून घेतला की उलटी प्रश्नचिन्हे आणि पौंड-येन यांची खिचडी. त्यातही प्रत्येक कंपनीने घरे आपल्या मर्जीने भरली. त्यामुळे एकीच्या फाँटमध्ये लिहिलेला मजकूर दुसरीच्या फाँटमध्ये उघडला, की अक्षरे देवनागरीच दिसत, पण शब्द कुठल्याच भाषेतले नसत.

याबद्दल त्या मंडळींना नावे ठेवण्याची आज फॅशन आहे. मला ती अन्यायाची वाटते. देवनागरी संगणकावर आणण्याचे काम आधी आयआयटी कानपूरला आणि नंतर पुण्याच्या सी-डॅकमध्ये झाले. तेथील जिस्ट कार्डामुळे डॉसवर चालणाऱ्या संगणकात भारतीय लिपी उमटू लागल्या. १९९१ मध्ये इस्की या नावाने भारतीय लिपींची प्रमाण संकेतावलीही जाहीर झाली. पण छपाईच्या धंद्याला सुबक वळणाची अक्षरे हवी होती आणि ती आजच्या आज हवी होती. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे श्रीलिपी, सी-डॅकचेच आयएसएम, आकृती अशा प्रणालींनी ती दिली. तालुक्याच्या गावातले मुद्रणालय खिळ्यांच्या केसेस बाजूला सारून पेजमेकरवर आले, ते यांच्यामुळे. लग्नपत्रिकांपासून दिवाळी अंकांपर्यंत सगळे त्यावरच निघाले. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून जागा होती. पण घराघरातल्या विंडोजला ती कळण्यासाठी विंडोज २००० आणि एक्सपी यांची वाट पाहावी लागली, आणि मुद्रणालयांपर्यंत ती पोचायला त्यानंतरही बरीच वर्षे गेली. आपले आठ अंक नेमके या खिंडीत सापडले.

आपण ज्या नगरात बसलो आहोत तिथेही हीच कथा आहे. कुवेंपूंचे पुत्र, कादंबरीकार पूर्णचंद्र तेजस्वी हे संगणकावर कन्नड यावे म्हणून आग्रही होते. कन्नड गणक परिषदेची ‘नुडी’ प्रणाली कर्नाटकातील सरकारी कचेऱ्यांत वर्षानुवर्षे चालली, आणि तिच्या जुन्या फायलींपुढे आज तोच प्रश्न उभा आहे. येथील माझ्या शेजारी निवृत्त कन्नड प्राध्यापिका राहतात. मी आपल्या अंकांची अडचण सांगू लागले, तेव्हा त्यांनी वाक्य अर्ध्यात तोडून कपाटातून सीडींची चळत काढून माझ्यापुढे ठेवली. भाषा दोन, दुखणे एकच.

मग फायली नव्या संगणकावर का चालेनात? कारण मजकूर उघडायला पेजमेकर हवे. त्याची शेवटची आवृत्ती, सातवी, २००१ मध्ये निघाली. तिच्या जागी आलेले इनडिझाईन काही वर्षे पेजमेकरच्या फायली उघडत असे, पुढे तेही बंद झाले. जुने पेजमेकर नव्या विंडोजवर बसवू म्हटले तर त्या काळातील कित्येक प्रोग्रॅम, निदान त्यांना बसवणारे भाग, १६ बिटी घडणीचे. आणि आजची ६४ बिटी विंडोज तसे प्रोग्रॅम चालवतच नाही. म्हणजे लेख हवा तर फाँट हवा, फाँटसह पाने हवी तर पेजमेकर हवे, पेजमेकर हवे तर विंडोज ९८ हवी, आणि विंडोज ९८ हवी तर तिला चालवणारा संगणक हवा. अडगळीतल्या त्या संगणकाचा वीजपुरवठ्याचा डबा जळलेला होता आणि मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेले होते. त्याला जिवंत करण्याच्या भानगडीत मी पडले नाही. त्याची हार्ड डिस्क तेवढी काढून घेतली.

येथे ‘व्हर्च्युअल मशीन’ उपयोगी पडते. आपण त्याला आभासी यंत्र म्हणू. नव्या संगणकावर एक प्रोग्रॅम चालतो आणि तो जुन्या संगणकाचे सोंग घेतो. विंडोज ९८ ने विचारले, ‘माझी हार्ड डिस्क कुठे आहे?’ तर तो एक मोठी फाईल पुढे करतो आणि म्हणतो, ‘ही घे.’ तिने पडदा मागितला तर नव्या संगणकाच्या पडद्यावरची एक चौकट दाखवतो. घड्याळ, कळफलक, सीडीची खाच, सगळे असेच. आत चालणाऱ्या जुन्या प्रणालीला आपण कुणाच्या घरी आहोत याचा पत्ता नसतो. या विद्येत बाहेरच्या संगणकाला यजमान आणि आतल्याला पाहुणा म्हणतात. पाहुण्याने मागितलेले काही यजमान स्वतःच्या भांडारातून देतो, काही खोटेच रंगवून देतो.

ही कल्पना नवी नाही. १९६० च्या दशकात आयबीएमने एकच महागडा संगणक अनेकांना स्वतंत्र वाटावा म्हणून ती घडवली आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० या नावाने बाजारात आणली. घरगुती संगणकावर ती आली १९९९ मध्ये, व्हीएमवेअरमुळे. आज व्हर्च्युअलबॉक्स किंवा क्यूईएमयू ही साधने विनामूल्य मिळतात. मेढ्या रोवायला जागाही फार लागत नाही. विंडोज ९८ ला १६ एमबी स्मृती पुरत असे. आजच्या साध्या लॅपटॉपच्या ती खिजगणतीत नाही.

मी हार्ड डिस्कची जशीच्या तशी, रिकाम्या जागेसह, एका फाईलीत नक्कल केली आणि मूळ डिस्क पाकिटात घालून बंद केली. तिच्यावर पुन्हा काम करायचे नाही, हा या कामातला पहिला नियम. ती नक्कल आभासी यंत्राला जोडली आणि सुरू केले. विंडोज ९८ जागी झाली, इकडेतिकडे पाहिले आणि गोंधळली. तिच्या भोवतालचे सगळेच बदलले होते. ‘नवे हार्डवेअर सापडले’ असे एकामागून एक सांगत राहिली आणि प्रत्येक वेळी स्वतःची सीडी मागत राहिली. साधारण तासभर हे चालले. शेवटी सोळाच रंगांत, जाड्याभरड्या अक्षरांत, पडदा स्थिरावला. समोर आपल्या कार्यालयातील संगणकाचा चेहरा होता, शेवटच्या दिवशी बंद केला तसा. फायलींची नावेही तशीच: अंक ९९ अंतिम, अंक ९९ अंतिम दोन, अंक ९९ खरा अंतिम. छापखान्याशी ज्यांचा संबंध आला असेल त्यांना हे वेगळे सांगायला नको.

अडचणी नव्हत्या असे नाही. जुन्या प्रणालींना वेग सोसत नाही. विंडोज ९५ मधील एक भाग ठराविक फेऱ्या मोजून त्यांना लागलेल्या वेळाने भागाकार करी. संगणक फार वेगवान झाला, तेव्हा तो वेळ शून्य भरू लागला आणि शून्याने भागण्याची पाळी येऊन यंत्र बसले. शून्याने भागू नये, हे आपल्या गणिताच्या सरांनी सातवीत सांगितले होते. विंडोज ९८ ला पाचशे बारा एमबीपेक्षा जास्त स्मृती दिली तरी ती अडखळते. तेव्हा पाहुण्याला मुद्दाम कमी वाढावे लागते. दुसरी अडचण कुलपाची. त्या काळी लिपीच्या प्रणालीबरोबर प्रिंटरच्या खाचेत खोचायचे एक छोटे कुलूप येई. ते नसेल तर टंकलेखन चालत नसे. ते कुलूप कधीच हरवले आहे. परंतु आपल्याला नवे टंकायचे नव्हते, लिहिलेले पाहायचे होते, आणि त्याला लागणारे फाँट डिस्कवर होते. शाळेनेच घेतलेली प्रणाली, शाळेच्याच फायली, त्यामुळे परवान्याबद्दल मनात किंतु राहिला नाही. इतरांच्या सीडी उसन्या आणून हे करू पाहणाऱ्यांनी मात्र तो विचार आधी करावा.

तिसरी गोष्ट पालकांसाठी सांगते, कारण घरोघरी मुले हौसेने हा खेळ करतात. आभासी यंत्राची इंटरनेटची तार तोडूनच ठेवावी. विंडोज ९८ ची डागडुजी २००६ मध्ये थांबली, एक्सपीची एप्रिल २०१४ मध्ये. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रॅमने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा मायक्रोसॉफ्टला अपवाद म्हणून एक्सपीसाठीही ठिगळ द्यावे लागले. असे अपवाद रोज होत नाहीत. फायली बाहेर आणण्यासाठी इंटरनेट लागतही नाही. पाहुण्याला झोपवायचे आणि त्याच्या डिस्कची फाईल यजमानाकडून उघडायची.

पेजमेकर सुरू झाले, १९९९ चा अंक उघडला, आणि अकराव्या पानावर बाईंचा लेख होता. मी तो तिथेच, त्या सोळा रंगांत, उभ्याने वाचून काढला. पहिला वर्ग वखारीत भरला होता. गुळाच्या वखारीत, आणि पहिल्या पावसाळ्यात मुंग्यांमुळे वर्ग चार दिवस देवळाच्या सभामंडपात हलवावा लागला होता. म्हणजे सांगणारे दोघे बरोबर होते. पत्र्याच्या शेडचा उल्लेख सापडला नाही. लेखाच्या शेवटी पहिल्या तुकडीतील तेवीस मुलामुलींची नावे आहेत, प्रत्येकापुढे वडिलांचा व्यवसाय लिहिलेला. विणकर, हमाल, पोस्टमन, एक वकील. ती यादी शाळेच्या कोणत्याही रजिस्टरात या रूपात नाही.

लेख दिसला, पण काम अर्धेच झाले. मी दोन प्रकारे तो बाहेर काढला. पानाचे रूप टिकावे म्हणून प्रिंटरऐवजी फाईलीवर छपाई केली आणि तिची पीडीएफ बनवली. शब्द टिकावे म्हणून मजकूर वेगळा काढून युनिकोडमध्ये बदलला. हे दुसरे काम वाटते तसे यांत्रिक नाही. जुन्या फाँटमध्ये अक्षरे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने असतात. ‘स्थिती’ या शब्दातली ऱ्हस्व वेलांटी जुन्या फायलीत सर्वांत आधी येते. तिला ‘स्थ’ या अख्ख्या जोडाक्षराला वळसा घालून पलीकडे न्यावे लागते. ‘कर्म’ मधला रफार शेवटी टंकलेला असतो. त्याला ‘म’ च्या आधी आणावे लागते. हे प्रोग्रॅम करतो. पण अर्धा ‘र’ तो मराठीच्या कानाने ऐकत नाही. कोष्टकात एका घराची गडबड झाली आणि १९९९ च्या अंकातील शिक्षकदिनाच्या वृत्तान्तात ‘सर्व आचार्यांना वंदन’ याचे ‘सर्व आचाऱ्यांना वंदन’ झाले. शाळेच्या सहलींतील पोहे आठवता तेही अगदीच अस्थानी नव्हते. पण दुरुस्त केले. असे शब्द माणसालाच दिसतात. म्हणून चौथीला मराठी शिकवणाऱ्या आपल्या बाईंनी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, ती मुद्रिते तपासून दिली.

कुणी म्हणेल, आभासी यंत्र आहेच, मग हा द्राविडी प्राणायाम कशाला? जुनी फाईल जुन्या यंत्रात वाचावी की. मला हे पटत नाही. इंग्लंडमध्ये १०८६ सालच्या डूम्सडे बुक या पाहणीला नऊशे वर्षे झाली म्हणून बीबीसीने १९८६ मध्ये नवी पाहणी केली. सुमारे दहा लाख लोकांनी, त्यांत पुष्कळ शाळकरी मुलांनी, आपापल्या गावाची माहिती लिहून पाठवली. ती लेझरच्या तबकड्यांवर साठवली गेली. पंधरा-सोळा वर्षांत त्या तबकड्या वाचणारी यंत्रे दुर्मीळ झाली, आणि २००२ मध्ये लीड्स व मिशिगन विद्यापीठांतील संशोधकांना जुन्या संगणकाचे सोंग रचून ती माहिती बाहेर काढावी लागली. मूळचे कातड्यावरचे पुस्तक तोवर खुशाल वाचता येत होते. सोंगानेच ती माहिती वाचली, हे खरे. पण सोंग घेणारा प्रोग्रॅमही कुठल्या तरी यंत्रावरच चालतो. इंटेल पद्धतीच्या प्रोसेसरऐवजी एआरएम पद्धतीचा प्रोसेसर असलेले लॅपटॉप आता सर्रास मिळतात. त्यांवर विंडोज ९८ थेट पाहुणी म्हणून उतरत नाही, तिच्यासाठी प्रत्येक सूचनेचे भाषांतर करणारा दुभाषा बसवावा लागतो. आणखी वीस वर्षांनी यजमानासाठीच दुसरा यजमान शोधावा लागेल.

याच म्हैसूरमधल्या प्राच्यविद्या ग्रंथालयात १९०५ मध्ये आर. शामशास्त्रींच्या हाती कौटिलीय अर्थशास्त्राची पोथी आली आणि १९०९ मध्ये त्यांनी ती छापली. ताडपत्रावरची ती पोथी ग्रंथ लिपीत होती. ताडपत्र काही कौटिल्याच्या काळचे नव्हते. कुणी तरी, कधी तरी, झिजलेल्या पानावरून नव्या पानावर नक्कल करत आले, म्हणून ग्रंथ तिथवर पोचला. शिवाय लिपी वाचणारा माणूस त्या दिवशी तिथे होता. आपल्या घराघरांतून मोडीतले कागद आहेत. शाई शाबूत आहे, वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आभासी यंत्र हे मला त्या मोडी वाचणाऱ्यासारखे वाटते. त्याला बसवून मजकूर बाळबोधीत उतरवून घ्यावा, आणि त्याचे पाय चेपत शंभर वर्षे जगावे अशी अपेक्षा करू नये. मी आभासी यंत्राची फाईल शाळेला दिली आहे, पण ती पुराव्यासाठी. उद्या कुणाला एखाद्या शब्दाबद्दल शंका आली, तर मूळ पान पाहता यावे.

सहांपैकी चार अंक आता बाहेर आले आहेत. २००१ च्या अंकातील लेख मिळाले, पण त्यातील कवितांची पाने एका वेगळ्या फाँटमध्ये आहेत आणि तो आपल्या डिस्कवर नाही. ती पाने कुणा विद्यार्थ्याने घरच्या संगणकावर जुळवून आणली असावीत. २००३ चा अंक हार्ड डिस्कवर नाहीच. तो सहा फ्लॉपींवर छापखान्यात गेला होता, त्यांपैकी चार परत आल्या. त्यांतील तिसरीवर बुरशी आहे. ती स्वच्छ करून वाचण्याचा प्रयत्न चालू आहे.

तेव्हा माझी विनंती एवढीच, की १९९८ ते २००५ या काळात ज्यांनी अंकाचे काम केले, त्यांनी घरचे माळे पाहावेत. फ्लॉपी, सीडी, जुनी हार्ड डिस्क, लिपीच्या प्रणालीचा खोका, काहीही चालेल. कृपा करून त्या घरी लावून पाहू नयेत, पुसू नयेत, उन्हात ठेवू नयेत. जशा आहेत तशा डब्यात घालून शाळेच्या कार्यालयात द्याव्यात. बेळगावहून म्हैसूरला येणारे आपल्यापैकी कुणी ना कुणी दर महिन्याला असतेच.